क्रॉस-नोट जुळणीतील गांधार : स्किप जेम्सच्या गिटारवादनाचा विचार

नेहेमाया कर्टिस ऊर्फ स्किप जेम्स (१९०२–१९६९) या मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय गायक-वादकाविषयी जे लेखन झाले आहे, त्यात एक समजूत जवळजवळ सिद्धान्ताच्या थाटात वावरताना आढळते. जेम्सचे गाणे विषण्ण आहे आणि त्याची गिटार मायनर स्वरसंघातात जुळविलेली असल्यामुळेच ते तसे आहे, ही ती समजूत. तिला जोड म्हणून त्याचा एकलकोंडा स्वभाव, गीतांतून डोकावणारा सैतान आणि १९३१ सालची मंदी यांचे दाखले दिले जातात. आणि मग जुळणी, स्वभाव व काळ या तिन्ही गोष्टी एकमेकींची साक्ष काढू लागतात. असल्या साक्षीने कलाकृतीविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. मायनर संघात कानी पडताच श्रोत्याने खिन्न व्हावे असा काही निसर्गनियम नाही. युरोपातील कितीतरी लोकनृत्ये मायनर स्वरांत बांधलेली आहेत आणि त्यांवर लोक मोठ्या आनंदाने नाचत आले आहेत. तेव्हा जेम्सच्या वादनात जे वेगळेपण निःसंशय ऐकू येते, त्याचे कारण ‘मायनर’ या शब्दात शोधण्याऐवजी त्याच्या तारांत आणि बोटांत शोधणे अधिक फलदायी ठरावे.

गिटारच्या सहा तारा सामान्यतः जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा जुळविलेल्या असतात. सहावी तार सर्वांत जाड व पहिली सर्वांत बारीक, असा त्यांचा क्रम लावण्याची रूढी आहे. मोकळ्या जुळणीत या तारा अशा रीतीने चढवावयाच्या वा उतरवावयाच्या की, डाव्या हाताचे एकही बोट न टेकता सर्व तारा छेडल्या असता एक पूर्ण स्वरसंघात उमटावा. बेंटोनिया गाव व त्याच्या आसपासचा परिसर यांतील वादक ज्या मायनर जुळणीस ‘क्रॉस-नोट’ म्हणत, तिची दोन रूपे प्रचारात आहेत. पहिल्यात पाचवी तार ए वरून बी वर आणि चौथी डी वरून ई वर चढवितात. त्यामुळे ई, बी, ई, जी, बी, ई अशी रचना होते. दुसऱ्यात सहावी, तिसरी, दुसरी व पहिली अशा चार तारा दोन-दोन अर्धस्वर उतरवून डी, ए, डी, एफ, ए, डी अशी रचना केली जाते. स्वरांतील परस्परसंबंध दोन्हींत एकच आहे. भारतीय संज्ञांनी बोलावयाचे तर षड्ज, पंचम, षड्ज, कोमल गांधार, पंचम, षड्ज अशी ही मांडणी होते. १९३१ च्या तबकड्यांवर यांपैकी कोणते रूप आहे याची चर्चा करण्यात अर्थ नाही, कारण त्या काळी तबकडी कोणत्या वेगाने कोरली गेली याचीच खात्री देता येत नाही, आणि वेग थोडा बदलला की स्वरही सरकतो.

आता येथे एक अडचण उपस्थित होते. ती बहुतेक लेखकांनी पाहिलेली दिसत नाही. नेहमीच्या जुळणीत ई मायनर हा संघात कोणताही नवशिका पहिल्या आठवड्यातच शिकतो. पाचव्या व चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्याशी दोन बोटे टेकविली आणि बाकीच्या तारा मोकळ्या ठेवल्या की तो तयार होतो. त्यातील स्वर कोणते? ई, बी, ई, जी, बी, ई. म्हणजे क्रॉस-नोट जुळणीचे जे सहा स्वर, तेच हे सहा. त्याच तारांवर, त्याच सप्तकांत, त्याच क्रमाने. मग जुळणी बदलण्याने मायनर संघात अधिक समृद्ध होतो असे जे म्हटले जाते त्याचा अर्थ काय? स्वर तेच असतील तर समृद्धी आली कोठून? डी मायनरच्या बाबतीत निदान एवढे तरी म्हणता येते की, नेहमीच्या जुळणीत तो संघात चारच तारांवर वाजतो, त्याला खाली खर्ज नसतो, आणि त्या मानाने मोकळ्या जुळणीतील सहा तारांचा डी मायनर भरदार वाटणारच. परंतु ई मायनरपाशी हे उत्तर चालत नाही. तेव्हा समृद्धी केवळ संघातात नाही, ती अन्यत्र आहे, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

या सहा तारांकडे नीट पाहिले तर दिसते की त्यांपैकी पाच तारा मेजर-मायनर या वादापासून अलिप्त आहेत. सहावी, चौथी व पहिली या षड्जाच्या, पाचवी व दुसरी या पंचमाच्या. षड्ज-पंचम दोन्ही पक्षांना समान. मायनरपणाचा सगळा भार एकट्या तिसऱ्या तारेवर आहे. (ई च्या रूपात तर गंमत अशी की, जुळविणारा ज्या तारेला हातही लावीत नाही, तीच ही तार.) आता त्याच प्रांतात रूढ असलेली दुसरी एक जुळणी घ्यावी : डी, ए, डी, एफ-शार्प, ए, डी. तिला तेथील वादक ‘वेस्टापोल’ म्हणतात, आणि ते नाव एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या घरोघरी वाजविल्या जाणाऱ्या हेन्री वॉरल याच्या ‘सेबास्टोपोल’ या गिटाररचनेवरून आले आहे. क्रॉस-नोट आणि वेस्टापोल यांत अंतर आहे ते एका तारेचे, आणि त्या तारेवर एका अर्धस्वराचे. परंतु हे अंतर दोन्ही दिशांनी सारखे नाही. पडद्यांच्या वाद्यावर बोट टेकले की तार वरच चढते. मोकळ्या तारेच्या खाली जाण्यास वाट नसते. वेस्टापोलमध्ये तिसरी तार मोकळीच शुद्ध गांधारावर असते, आणि वादकाला त्याच तारेवर कोमल गांधार हवा असेल तर तो मिळत नाही. उलट क्रॉस-नोटमध्ये तिसरी तार कोमल गांधारावर आहे आणि शुद्ध गांधार त्याच तारेच्या पहिल्या पडद्यावर, एका बोटाच्या अंतरावर, तयार आहे. म्हणजे मेजर जुळणीत एकच गांधार आहे, आणि मायनर म्हणविल्या जाणाऱ्या जुळणीत दोन्ही आहेत. तिला ‘मायनर’ म्हणणे हे तिच्या अर्ध्याच गुणाला नाव देणे होय.

यावर असा आक्षेप येईल की, नेहमीच्या जुळणीतही ई मायनरचा ई मेजर करण्यास तिसऱ्या तारेवर पहिल्या पडद्याशी एक बोट टेकणे पुरते. मग क्रॉस-नोटने साधले काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हाताच्या स्थितीत आहे. नेहमीच्या जुळणीत संघात टिकविण्यासाठी दोन बोटे दुसऱ्या पडद्याशी अडकून पडलेली असतात. ती उचलली की खालचा पंचम व मधला षड्ज नाहीसे होतात. त्यामुळे वादकाचा हात गिटारच्या गळ्याशी बांधलेला राहतो. तो वर सरकून गाण्याची चाल वाजवू लागला की आधार तुटतो. क्रॉस-नोटमध्ये आधार उजव्या हाताच्या अंगठ्याकडे गेलेला असतो आणि डावा हात मोकळा असतो. तो वरच्या सप्तकात कोठेही हिंडला तरी खाली षड्ज-पंचम नांदतच राहतात, आणि मध्ये तिसरी तारही. जेम्स अंगठा व दोन बोटे यांनी वाजवीत असे. हे तीन बोटांचे काम आणि ही सहा तारांची मांडणी एकमेकांस पूरक आहेत. अंगठा खालच्या तीन तारांवर, बोटे वरच्या तारांवर, आणि ज्या तिसऱ्या तारेवर सगळा निर्णय व्हावयाचा ती मधोमध.

समृद्धीचे दुसरे कारण नादशास्त्रातले आहे, आणि ते समजण्यास भारतीय वाचकाला एक सोय आहे. उत्तम लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गांधार ऐकू येतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू गांधार म्हणतात. तो शुद्ध असतो, कारण कोणत्याही तारेच्या उपस्वरांत पाचवा उपस्वर हा मूळ स्वराच्या शुद्ध गांधाराशी जुळतो. हीच गोष्ट गिटारच्या सहाव्या तारेलाही लागू आहे. डी वर उतरविलेल्या या तारेची दर सेकंदास सुमारे ७३.४ कंपने होतात. तिच्या पाचव्या उपस्वराची ३६७. तिसरी तार एफ वर, म्हणजे १७४.६ कंपनांवर असते. तिच्या दुसऱ्या उपस्वराची ३४९. म्हणजे खर्जातून आपोआप निघणारा शुद्ध गांधार आणि तिसऱ्या तारेवरचा कोमल गांधार एकाच वेळी, एकाच सप्तकात, दर सेकंदास सुमारे १८ कंपनांच्या अंतराने एकमेकांवर घासत असतात. एवढ्या वेगाचे विस्पंद कानाला सुटे मोजता येत नाहीत; ते खरखर म्हणून जाणवतात. मायनर संघाताच्या ज्या ‘गडदपणा’चे वर्णन केले जाते त्याचा एक मोठा भाग ही खरखर आहे. आता तिसऱ्या तारेवर पहिल्या पडद्याशी बोट पडले की ती १८५ कंपनांवर जाते, तिचा दुसरा उपस्वर ३७० वर, आणि खर्जाच्या ३६७ शी त्याचे अंतर तीनच उरते. खरखर थांबते, तिच्या जागी एक संथ आंदोलन येते. बोट उचलले की पुन्हा खरखर.

तेव्हा बोट मारून कोमलवरून शुद्ध गांधारावर जाण्याची जी लकब या शैलीत वारंवार ऐकू येते, ती नुसती हरकत नव्हे. तिच्यामुळे क्षणभर सगळे वाद्य सैल पडते आणि पुन्हा आवळले जाते. नेहमीच्या जुळणीतील ई मायनरमध्येही ही खरखर असतेच, कारण स्वर तेच आहेत. पण तेथे हात हलला की ती तुटते. मोकळ्या तारा मात्र बोटांच्या हालचालीने मुक्या होत नाहीत. त्या एकमेकींच्या कंपनाने झंकारत राहतात, आणि त्यामुळे चालीच्या पोटातून हा घर्षणाचा नाद अखंड वाहत राहतो. तंबोऱ्याशी तुलना येथेच थांबविली पाहिजे. तंबोऱ्यावर कोणी चाल वाजवीत नाही, आणि जेम्सच्या गिटारला आधार व उत्तर ही दोन्ही कामे करावी लागतात.

या जुळणीचे दारिद्र्यही सांगितले पाहिजे, कारण शैली घडविण्यात त्याचा वाटा समृद्धीइतकाच आहे. मोकळ्या जुळणीत दुसरा संघात मिळविण्याचा सोपा मार्ग म्हणजे एक बोट सर्व तारांवर आडवे टेकणे. क्रॉस-नोटमध्ये पाचव्या पडद्याशी तसे केले तर जी मायनर येतो, सातव्याशी केले तर ए मायनर. ब्लूजच्या रूढ बारा बारांच्या साच्यात चौथ्या व पाचव्या स्वरावरचे संघात मेजर अंगाचे, बहुधा कोमल सप्तकीसह, अपेक्षित असतात. ते येथे आडव्या बोटाने मिळतच नाहीत. काच किंवा धातूची नळी तारांवर सरकवून वाजविणारे मेजर जुळण्यांकडे वळले, याचे हे उघड कारण आहे. क्रॉस-नोटमध्ये वाजविणाऱ्याला दोनच मार्ग उरतात : एकतर तुकड्या-तुकड्यांनी, दोन-तीन तारांवर, संघाताचा आभास निर्माण करावयाचा, नाहीतर संघात बदलण्याचा नादच सोडून द्यावयाचा. जेम्सच्या श्रेष्ठ रचनांत दुसऱ्या मार्गाचा प्रभाव मोठा आहे. संघात बदलत नाहीत म्हणून काळ थांबल्यासारखा वाटतो, आणि श्रोत्याचे लक्ष ‘पुढे कोणता संघात येणार’ या प्रश्नाऐवजी ‘आता गांधार कोणता’ या प्रश्नावर खिळते. जी उणीव म्हणून सुरू झाली तिची रीत झाली.

‘डेव्हिल गॉट माय वुमन’ या रचनेत हे सर्व एकत्र आले आहे. जॅक्सन शहरातील वाद्यविक्रेते एच. सी. स्पियर यांनी जेम्सचे वादन ऐकून त्याला पॅरामाउंट कंपनीकडे पाठविले, आणि १९३१ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातील ग्राफ्टन येथे त्याने ध्वनिमुद्रण केले. त्यातील अठरा बाजू आज उपलब्ध आहेत. काही गिटारवर, काही पियानोवर. पॅरामाउंट ही मुळात लाकडी खुर्च्या बनविणाऱ्या कारखान्याची शाखा. तिच्या तबकड्यांचा माल हलका असे, आणि ज्या प्रती वाचल्या त्यांवरील खरखराटातूनच जेम्सला ऐकावे लागते. (नादातील खरखर आणि तबकडीची खरखर यांत गफलत करणारे समीक्षकही होऊन गेले असावेत.) तरीही या रचनेत जे घडते ते स्पष्ट ऐकू येते. आवाज उंचावर, कृत्रिम वाटावा अशा बारीक स्वरात सुरू होतो आणि पायऱ्या उतरत षड्जाकडे येतो. उतरताना गांधारापाशी तो ना कोमल ना शुद्ध अशा जागेवर रेंगाळतो. ब्लूज गायकांचा गांधार दोहोंच्या मध्ये पडतो हे सर्वमान्य आहे. त्यात जेम्सचे वैशिष्ट्य नाही. वैशिष्ट्य आहे ते गिटार या मधल्या गांधाराशी काय करते यात. गिटारला पडदे आहेत. तिला मधला स्वर सहज मिळत नाही. सामान्य वादक अशा ठिकाणी एक बाजू घेतो आणि गायक व वाद्य यांच्यात किंचित विसंवाद राहतो. जेम्सची गिटार दोन्ही बाजू आळीपाळीने घेते, आणि आवाज त्या दोहोंच्या मधून जातो. गाणारा ज्या गोष्टीचा निर्णय करीत नाही, तिचा निर्णय वाद्यानेही करू नये, असा हा करार आहे.

म्हणून या रचनेच्या भावाचे नाव ‘विषाद’ नव्हे. विषादात निश्चिती असते. जे गेले ते गेले हे कळलेले असते. येथे जे ऐकू येते ते अनिश्चिततेच्या जवळचे आहे. ‘हार्ड टाइम किलिंग फ्लोर ब्लूज’ ही त्याच बैठकीतील रचना मंदीविषयी आहे, ‘किलिंग फ्लोर’ म्हणजे कत्तलखान्याची फरशी, आणि तिचा विषय उघडउघड दुःखाचा आहे. तरीही तिच्यात गिटारचा गांधार अनेकदा शुद्धाकडे झुकतो. मायनर म्हणजे दुःख हे समीकरण येथे निरुपयोगी ठरते. या रचनेचे सामर्थ्य दुःख व्यक्त करण्यात जितके आहे त्याहून अधिक ते दुःख कोणत्याही एका स्वरावर टेकू न देण्यात आहे.

जुळणी जेम्सची स्वतःची नव्हती. बेंटोनियाच्याच हेन्री स्टकी याच्याकडून ती त्याने घेतली, आणि स्टकीच्या सांगण्यानुसार त्याने ती पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना काही कृष्णवर्णीय सैनिकांकडून उचलली. ते बहामा बेटांतील असावेत असा त्याचा समज होता. स्टकीचे ध्वनिमुद्रण कधीच झाले नाही, त्यामुळे या हकिकतीची परीक्षा कानाने करण्याची संधी गेली. पुढे १९६० नंतरच्या दशकात संशोधक डेव्हिड एव्हान्स यांनी त्याच गावच्या जॅक ओवेन्स (१९०४–१९९७) याचे वादन मुद्रित केले. ओवेन्सही याच जुळणीत, जेम्सच्याशी जुळणाऱ्या रचना वाजवीत होता. तेव्हापासून ‘बेंटोनिया घराणे’ ही कल्पना रूढ झाली. जेम्सचे चरित्रकार स्टीफन काल्ट यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात ती साफ नाकारली : असे घराणे नव्हतेच, ओवेन्स व इतर हे जेम्सचे अनुकरण करणारे होते, आणि मिसिसिपीची गावे एकमेकांपासून तुटलेली होती ही संशोधकांची भोळी समजूत होय, असे त्यांचे म्हणणे.

काल्ट यांच्या मतात तथ्य आहे. पण ते ज्यासाठी वापरले आहे त्यासाठी पुरेसे नाही. ओवेन्सच्या मुद्रणांत पायाचा ठेका जोरकस आहे, हार्मोनिकाची साथ आहे, आणि रचना तबकडीच्या तीन मिनिटांची मर्यादा न मानता लांबत जाते. ते अंगणात, लोकांच्या गर्दीत वाजविण्याचे वादन आहे. त्यात गांधार हलतो, पण तो ठेक्याबरोबर हलतो. त्याची जागा जवळजवळ ठरलेली असते. जेम्समध्ये ती ठरलेली नसते. ओवेन्सने जेम्सची नक्कल केली असेल तर त्याने नेमके जेम्सचे मर्मच वगळले असे म्हणावे लागेल, आणि एवढा चांगला कान असलेल्या वादकाच्या बाबतीत हे संभवनीय वाटत नाही. अधिक पटण्याजोगे असे की, जुळणी, काही सुरावटी व काही गीते ही गावाची समाईक मालमत्ता होती, आणि दोघांनी तिचा निरनिराळ्या प्रयोजनांसाठी उपयोग केला. जुळणी परंपरेने दिली. तिसऱ्या तारेविषयीचा निर्णय ज्याचा त्याने केला.

जेम्सच्या तबकड्या मंदीत खपल्या नाहीत आणि तो धर्मोपदेशाकडे वळला. तथापि ही जुळणी तबकडीने गेली नाही तेथे कानाने गेली. जॅक्सनमध्ये जेम्सच्या सहवासात शिकलेल्या जॉनी टेंपलने १९३५ मध्ये ‘ईव्हिल डेव्हिल ब्लूज’ हे त्याच रचनेचे आपले रूप मुद्रित केले, आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलस येथे रॉबर्ट जॉन्सनने ‘हेल हाउंड ऑन माय ट्रेल’ मुद्रित केले. जॉन्सनच्या मुद्रणांत ही एकच रचना या मायनर जुळणीत असल्याचे अभ्यासक मानतात. ती थोर आहे यात वाद नाही. परंतु जॉन्सनचा गांधार जेम्सच्या गांधाराहून भित्रा आहे. तो पाठलागाच्या कल्पनेला शोभतो, आणि पाठलागाला दिशा असते. जेम्सच्या गाण्यात कोणी कोणाच्या मागे लागलेले नाही.

१९६४ मध्ये जॉन फेही, बिल बार्थ व हेन्री व्हेस्टाइन या तरुण गिटारवादकांनी जेम्सला मिसिसिपीतील ट्युनिका येथील रुग्णालयात शोधून काढले आणि त्याच वर्षीच्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात तो पुन्हा गाऊ लागला. १९६६ चे ‘टुडे!’ आणि १९६८ चे ‘डेव्हिल गॉट माय वुमन’ हे त्याचे ध्वनिमुद्रिका-संग्रह जुन्या तबकड्यांच्या तुलनेने फिके आहेत असे अनेकांचे मत आहे. लय मंदावली आहे, बोटांची चपळाई ओसरली आहे, हे खरे. पण या संग्रहांत एक लाभही आहे, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. ध्वनिमुद्रण स्वच्छ असल्यामुळे आणि लय संथ असल्यामुळे तिसऱ्या तारेवर बोट कधी पडते व कधी उठते हे येथे प्रथमच स्पष्ट ऐकू येते. १९३१ चा जेम्स झपाट्याने जे करून जातो ते हा म्हातारा जेम्स समोर ठेवून दाखवितो. पहिल्याला अधिक थोर म्हणावे. पण दुसऱ्याशिवाय पहिला नीट समजत नाही.

जुळणी स्वतःच भाव ठरविते असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी टेक्ससच्या अल्बर्ट कॉलिन्स (१९३२–१९९३) याचे विद्युत्-गिटारवादन ऐकावे. त्याची जुळणी एफ, सी, एफ, ए-फ्लॅट, सी, एफ, म्हणजे क्रॉस-नोटचीच मांडणी, डी पासून तीन अर्धस्वर वर. तारांवर आडवा बसणारा कॅपो हा चिमटा तो गळ्यावर बराच वर लावी आणि नुसत्या बोटांनी एकेक तार जोराने ओढून वाजवी. त्याच्या वादनात आधाराच्या तारा जवळजवळ नाहीतच. मोकळ्या तारांचे घर्षण नाही, स्वयंभू गांधारही नाही. जे आहे ते तीक्ष्ण, थंड, चपळ आणि बहुतेक वेळा आनंदी. १९७८ च्या ‘आइस पिकिन’ या संग्रहात विषादाचा मागमूसही नाही. षड्ज-पंचमाचा आधार ज्याला नको त्याच्या हाती ही जुळणी केवळ बोटांची सोयीस्कर मांडणी होऊन राहते.

उरतो तो लिपीचा प्रश्न. जेम्सच्या रचनांची जी स्वरलेखने पुस्तकांतून प्रसिद्ध झाली आहेत, त्यांत कर्णपट्टिकेच्या आरंभी मायनरची चिन्हे लावलेली असतात आणि शुद्ध गांधार जेथे येतो तेथे तो अपवाद म्हणून दाखविला जातो. हे सोयीचे आहे, पण त्यामुळे शिकणाऱ्याच्या मनात कोमल हा नियम आणि शुद्ध ही हरकत असा भेद पहिल्याच ओळीत रुजतो. तारांची रेखाटने देणारी पद्धत या बाबतीत अधिक प्रामाणिक ठरते. तिच्यात तिसऱ्या तारेवर शून्य किंवा एक एवढेच लिहिलेले असते, आणि दोहोंपैकी मूळ कोणते हे ती सांगत नाही. बेंटोनियात मात्र दोन्ही पद्धतींची गरज पडली नाही. स्टकी व ओवेन्स यांच्याकडून शिकलेला जिमी ‘डक’ होम्स हा त्या गावचा वादक आपल्या आईवडिलांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्लू फ्रंट कॅफे’त बसून ही जुळणी वाजवीत आला आहे. २०१९ मध्ये निघालेल्या त्याच्या संग्रहाला त्याने जेम्सच्याच एका रचनेचे, ‘सायप्रस ग्रोव्ह’चे, नाव दिले. त्यातील वाद्यमेळ विद्युत्-गिटार व ढोलांनी भरलेला आहे, जेम्सच्या एकांताशी त्याचे नाते नाही. परंतु होम्सचे बोट तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर पडते आणि तितक्याच सहजपणे उठते.